गोथमची चाहूल

ख्रिस्तोफर नोलन यांच्या बॅटमॅन-त्रयीतला तिसरा आणि शेवटचा चित्रपट, ‘द डार्क नाइट राइजेस’, जुलै २०१२ मध्ये पडद्यावर आला. त्याचा आवाज मात्र चौदा महिने आधीच लोकांच्या कानांवर पडला होता. चित्रपटाचे पार्श्वसंगीत एरवी कोणी मुद्दाम ऐकत नाही. चांगले असेल तर ते जाणवूच नये, असेही म्हणण्याची रीत आहे, आणि ही रीत काही फार चांगली नाही. या एका चित्रपटाच्या बाबतीत पुष्कळांनी पार्श्वसंगीत आधी ऐकले आणि चित्र नंतर पाहिले. त्यामुळे पार्श्वसंगीत कसे ऐकावे हे समजून घ्यायला याच्याइतके सोयीचे उदाहरण क्वचित सापडते.

त्रयीचा पहिला भाग ‘बॅटमॅन बिगिन्स’ २००५ चा, दुसरा ‘द डार्क नाइट’ २००८ चा. दुसऱ्या भागात जोकर साकारणारे हीथ लेजर चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच, जानेवारी २००८ मध्ये वारले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर ऑस्कर मिळाले. एवढे झाल्यावर तिसरा भाग कसा असेल याच्याही आधी तो निघेल का, हा प्रश्न होता. नाट्यगृहात तिसरी घंटा होते, दिवे जातात आणि पडदा सरकण्यापूर्वी काही क्षण नुसता अंधार असतो. बॅटमॅनच्या चाहत्यांसाठी तो अंधार चार वर्षे लांबला.

अंधारात बसलेली माणसे कुजबुजतात. ऑक्टोबर २०१० मध्ये नोलन यांनी चित्रपटाचे नाव जाहीर केले आणि खलनायक रिडलर नसेल, चित्रपट थ्रीडी नसेल, एवढेच सांगितले. काय नसेल ते कळले, काय असेल ते नाही. तर्क करणाऱ्यांना याहून उत्तम खाद्य कोणते? जानेवारी २०११ मध्ये टॉम हार्डी खलनायक बेनच्या आणि ॲन हॅथवे सेलिना काइलच्या भूमिकेत असल्याचे जाहीर झाले. कॉमिक्स वाचणाऱ्यांना लगेच १९९३ चे ‘नाइटफॉल’ आठवले. त्यात बेन बॅटमॅनचे कंबरडे मोडतो. मग बॅटमॅन मरणार का, याची चर्चा सुरू झाली. मारिऑन कोतियार यांच्या पात्राचे नाव मिरांडा टेट असे सांगितले गेले, तरी ती खरी तर पहिल्या भागातल्या खलनायकाची, रास अल गुलची, मुलगी तालिया असणार, असे अनेकांनी ठामपणे मांडले. जोसेफ गॉर्डन-लेव्हिट यांचा साधा पोलीस म्हणजे बॅटमॅनचा साथीदार रॉबिनच, असेही बोलले गेले.

चित्रीकरण मे २०११ मध्ये भारतात, जोधपूरला सुरू झाले. मेहरानगड किल्ल्याच्या परिसरातला तो भाग पुढे चित्रपटात विहिरीसारख्या खोल तुरुंगाच्या बाहेरची जागा म्हणून दिसतो. नंतर अमेरिकेत पिट्सबर्गच्या रस्त्यांवर मोठे चित्रीकरण झाले, आणि दुरून काढलेल्या छायाचित्रांवरून कोणाचा पोशाख कसा, कोणती गाडी कोणाची, याची चिरफाड सुरू झाली. ही सगळी खटपट डोळ्यांची होती. तिचे फळही मिळाले, कारण तालियाचा तर्क अचूक निघाला आणि रॉबिनचा निम्मा. पण चित्रपटाने आपले खरे गुपित डोळ्यांपुढे ठेवलेच नव्हते. ते कानांपुढे उघडे ठेवले होते, आणि तरीही ते कोणाच्या लक्षात आले नाही. ते कसे, हे कळण्यासाठी आधीच्या दोन चित्रपटांचे संगीत थोडे ऐकायला हवे.

महानायकाला एक दणदणीत धून असावी, असा हॉलिवूडचा रिवाज होता. १९७८ च्या ‘सुपरमॅन’ला जॉन विल्यम्स यांची होती, १९८९ च्या ‘बॅटमॅन’ला डॅनी एल्फमन यांची होती. प्रेक्षक ती शिटीवर वाजवत घरी जाई. नोलन यांच्या त्रयीतल्या पहिल्या दोन चित्रपटांचे संगीत हान्स झिमर आणि जेम्स न्यूटन हॉवर्ड यांनी मिळून केले, तिसऱ्याचे एकट्या झिमर यांनी. त्यांच्या बॅटमॅनला शिटीवर वाजवण्याजोगे काहीच नाही. आहेत ते दोन स्वर. खालचा स्वर षड्ज मानला तर वरचा कोमल गंधार. सा, मग ग, आणि तिथेच मुक्काम. धून सुरू होते आणि पहिल्याच पायरीवर थबकते. ऐकणाऱ्याला पुढचा स्वर हवाहवासा वाटतो, तो येत नाही. जो माणूस अजून स्वतःचे दुःख पुरते पचवू शकलेला नाही, त्याला पूर्ण विजयगीत द्यायचे नाही, असा त्यामागचा विचार. पितळी वाद्यांचा तो भरीव ‘ग’ एकदा नीट ऐकला की दोन्ही चित्रपटांत तो किती वेळा दाराशी येऊन परत जातो, हे कळू लागते.

जोकरला तर याहून कमी मिळाले आहे: एकच स्वर. ‘द डार्क नाइट’च्या आरंभी, बँकेवरच्या दरोड्याआधी, रस्त्याच्या कोपऱ्यावर एक माणूस हातात विदूषकाचा मुखवटा घेऊन पाठमोरा उभा आहे. तिथे चेलोची एक तार ताणल्यासारखी वाजू लागते. तो आवाज हळूहळू वर सरकतो, खरखरीत होतो, तार आता तुटेल असे वाटते आणि ती तुटत नाही. हे संगीत आहे की नुसता आवाज, हा वाद निरर्थक आहे. कान आक्रसतात, एवढे पुरे. घरी टीव्हीचा आवाज कमी ठेवून हा चित्रपट पाहणाऱ्याने जोकर अर्धाच पाहिलेला असतो.

झिमर आणि चाहते यांच्यात कोडी घालण्याचा खेळही जुनाच होता. ‘बॅटमॅन बिगिन्स’च्या ध्वनिमुद्रिकेतल्या सर्व तुकड्यांना वटवाघळांच्या प्रजातींची लॅटिन नावे आहेत: व्हेस्पर्टिलिओ, एप्टेसिकस, मायोटिस अशी. त्यांतल्या चौथ्यापासून नवव्यापर्यंतच्या नावांची रोमन आद्याक्षरे ओळीने वाचली की ‘बॅटमॅन’ हा शब्द तयार होतो. असा खेळ खेळलेल्या लोकांना मे २०११ मध्ये नवे कोडे मिळाले. तिसऱ्या चित्रपटाच्या संकेतस्थळावर काळा पडदा होता आणि त्यामागे अनेक कंठांतून येणारा एक घोष, बाकी काही नाही. काहींनी तो आवाज संगणकात घालून त्याच्या कंपनांचे चित्र काढले. त्या चित्रात अक्षरे उमटली, आणि ‘आग चढते आहे’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द वाचता आले. ते शब्द लोकांनी जसजसे पसरवले तसतसे एकेका तुकड्याने एक छायाचित्र जुळत गेले, आणि मुखवटा लावलेल्या बेनचे पहिले दर्शन झाले. ऐकण्याजोगी गोष्ट समोर असतानाही माणसे तिचे चित्र करून पाहतात, ही यातली गंमत. घोष मात्र त्या दिवसापासून बेनच्या नावावर जमा झाला.

त्याचे शब्द ‘देशी, देशी, बसरा, बसरा’ असे ऐकू येतात. अक्षरे मोजली तर दोन, दोन, तीन, तीन. चार-चारच्या सरळ चालीत न बसणारी ही ठेवण आहे, म्हणून पाश्चात्त्य कानाला ती अडखळवते, थोडी भीतीही दाखवते. झपतालाची सवय असलेल्या कानाला दहाचा हिशेब परका नाही. फक्त झपतालात दोन-तीन, दोन-तीन असे विभाग पडतात आणि इथे दोन एका बाजूला, तीन दुसऱ्या बाजूला गोळा होतात. पहिले दोन शब्द पाऊल टाकतात, पुढचे दोन ढकलतात. हातावर एकदा मोजून पाहिले की घोषातला रेटा कुठून येतो ते समजते.

नोव्हेंबर २०११ मध्ये झिमर यांनी एक अपूर्व गोष्ट केली. हा घोष प्रचंड जमावाचा वाटायला हवा होता, आणि स्टुडिओत मावेल तेवढ्या गायकवृंदाने ते होणार नव्हते. त्यांनी जगभरच्या लोकांना घरबसल्या घोष म्हणून तो ध्वनिमुद्रित करून पाठवायला सांगितले. हजारो आवाज आले. ते एकावर एक रचले गेले. वाट पाहणारेच चित्रपटात शिरले. पिट्सबर्गमध्येही असेच झाले होते. तिथल्या स्टेडियममधल्या प्रसंगासाठी हजारो लोक ऑगस्टच्या उन्हात थंडीचे कपडे घालून हौसेने येऊन बसले होते. पण पडद्यावरचा प्रेक्षक ठिपक्याएवढा दिसतो. घोषातल्या आवाजाला तसे छोटेपण नाही, कारण तो वेगळा काढताच येत नाही.

डिसेंबर २०११ मध्ये सुरुवातीचा सुमारे सहा मिनिटांचा प्रसंग, विमान-अपहरणाचा, निवडक आयमॅक्स चित्रपटगृहांत ‘मिशन: इम्पॉसिबल – घोस्ट प्रोटोकॉल’च्या आधी दाखवण्यात आला. कोड्यातले ते आगीचे शब्द इथे बेनच्या तोंडी आले. पण चर्चा भलत्याच गोष्टीची झाली: बेन काय बोलतो ते कळत नाही! तोंडावर मुखवटा, मागे विमानाची घरघर, आणि हार्डी यांनी निवडलेला विचित्र हेल. बार्टली गॉर्मन या आयरिश भटक्या जमातीतल्या मुष्टियोद्ध्याच्या बोलण्यावरून तो घेतल्याचे हार्डी यांनी सांगितले आहे. तक्रारींचा पाऊस पडला. चित्रपट प्रत्यक्ष आला तेव्हा बेनचा आवाज खणखणीत होता. इतका, की तो खोलीतल्या माणसाचा न वाटता खोलीवर पसरलेला वाटतो. तक्रार जरा जास्तच दूर झाली, असे म्हणायला हरकत नाही. प्रत्येक वाक्य शब्दन् शब्द कळलेच पाहिजे, हा हट्ट ध्वनीच्या कलेला फार महागात पडतो. गर्दीत, विमानात, मुखवट्याआडून बोलणारा माणूस अर्धवट कळणे हाही एक अर्थ असतो, आणि पुढे झुकून ऐकावे लागणे हा अभिनयाचाच परिणाम असतो.

प्रदर्शनाच्या आठवड्यात अपेक्षेला कडवट वळण लागले. पहिल्या काही प्रतिकूल परीक्षणांवर चाहते तुटून पडले. ‘रॉटन टोमॅटोज’ या परीक्षणांच्या संकेतस्थळाला या चित्रपटाच्या पानावरचे अभिप्राय बंद करावे लागले. रागावलेल्यांपैकी बहुतेकांनी चित्रपट अजून पाहिलेलाच नव्हता. मग २० जुलैला, मध्यरात्रीच्या पहिल्या खेळात, अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात ऑरोरा येथे एका बंदूकधाऱ्याने १२ जणांचे प्राण घेतले. पॅरिसमधला विशेष खेळ रद्द झाला, आणि तर्क, पैजा, वाद हे सगळे काही काळ अगदी क्षुल्लक होऊन गेले.

चित्रपट शांतपणे ऐकला गेला तो नंतरच. त्यात घोषाचे खरे घर दिसते ते त्या खोल तुरुंगात. कोणी कैदी भिंत चढून सुटण्याचा प्रयत्न करू लागला की खालचे कैदी त्याच्यासाठी हा घोष करतात. ब्रूस वेन, म्हणजेच बॅटमॅन, त्याचा अर्थ विचारतो आणि त्याला उत्तर मिळते, ‘वर चढ’. हा सवाल-जवाब चित्रपटाच्या झलकीतही होता. म्हणजे गुपित सर्वांना सांगून झाले होते. या तुरुंगातून आजवर एक लहान मूल तेवढे सुटले, अशी कथा ब्रूसला सांगितली जाते. ते मूल म्हणजे बेन, असे तो समजतो, आणि प्रेक्षकही. वर्षभर हा घोष बेनच्या चेहऱ्यासोबत ऐकल्यावर दुसरे काही समजणार तरी कसे? प्रत्यक्षात ते मूल तालिया असते; बेन तिचा रक्षणकर्ता, जो खालीच राहिला. मिरांडा टेट म्हणजे तालिया हे आधीच ओळखलेल्या चाहत्यांचाही घोष कोणाचा हे ओळखण्यात घोटाळा झाला. डोळ्यांनी लावलेला तर्क बरोबर निघाला आणि कान फसले, तेही जाणूनबुजून, वर्षभर आधीपासून. जाहिरातीलाच कथेचा भाग करण्याची ही हातचलाखी फारशी वाखाणली गेली नाही.

ऐकण्याची दुसरी जागा स्टेडियममधली आहे. एक मुलगा एकटाच, कोणत्याही साथीशिवाय राष्ट्रगीत गातो आहे. मैदान उडवून द्यायला निघालेला बेन भुयारात थांबून ते ऐकतो आणि त्या गोड गळ्याचे कौतुक करतो. साऱ्या गोथम शहरात लक्ष देऊन ऐकणारा त्या क्षणी तोच एक! झिमर इथे संगीत घालत नाहीत, आणि हा संयम त्यांच्या दणक्यांइतकाच मोलाचा आहे. त्यांचे संगीत सतत कानठळ्या बसवते ही तक्रार अगदीच खोटी नाही, पण अशी जागा पाहिली की ती पुरती खरीही वाटत नाही.

हे सारे ऐकण्यासाठी नव्याने तिकीट काढायची गरज नाही. तिन्ही चित्रपटांच्या ध्वनिमुद्रिका सहज मिळतात, आणि रेडिओच्या श्रोत्याला चित्राविना ऐकण्याचा सराव असतोच. आधी ‘व्हेस्पर्टिलिओ’ घ्यावा. पंखांच्या फडफडीसारखा आवाज आणि दोन स्वरांचा पहिला मागोवा तिथे आहे. मग जोकरचा ‘व्हाय सो सीरियस?’. तो नऊ मिनिटांहून लांब आहे, आणि मध्येच बंद करण्याचा मोह होणे साहजिक आहे, तो आवरावा. त्यानंतर ‘गोथम्स रेकनिंग’, म्हणजे घोष बेनच्या अंगाने. शेवटी भिंत चढण्याच्या प्रसंगाचा ‘व्हाय डू वी फॉल?’. हा जेमतेम दोन मिनिटांचा आहे. तो आवाज थोडा वाढवून, हातातले काम बाजूला ठेवून ऐकावा.