वखार आणि सीमा



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी इतिहास शिकलो तो मागच्या बाकावर बसून. तेथे बसण्याचे कारण उंची हे नव्हते. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. माझ्या सदऱ्याला जर्द्याचा वास येई आणि शेजारचा मुलगा शिंकत असे. तेव्हा मीच मागे सरकलो.

निपाणीचा इतिहास म्हटला की आपण सीमेच्या तारखा सांगतो, आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. जानेवारी १९५६ च्या आंदोलनात या गावच्या कमळाबाई मोहिते हुतात्मा झाल्या. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना अमलात आली आणि मुंबई राज्यातला हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला. त्याच्या १९६७ च्या अहवालात निपाणी महाराष्ट्रास द्यावी, बेळगाव मात्र म्हैसूरकडेच राहावे, अशी शिफारस होती. बेळगाव सोडणे मान्य नसल्याने महाराष्ट्राने तो अहवालच नाकारला. तो निर्णय बेळगावकरांशी इमान राखणारा होता, असे मी मानतो. पण त्याची किंमत निपाणीनेही मोजली, हे बोलून दाखविण्याचा आपल्याला संकोच वाटतो. २००४ साली महाराष्ट्राने दाखल केलेला दावा अद्याप सर्वोच्च न्यायालयात आहे.

परंतु ज्या गावासाठी हा झगडा चालला, ते गाव पोटाला काय मिळवीत होते? ते विडीच्या तंबाखूवर जगत होते. इचलकरंजीला जसे माग, तशा निपाणीला वखारी. शिवारातून आलेला माल तेथे रचावयाचा, कुटावयाचा, चाळावयाचा, निवडावयाचा. आणि हे काम बहुतांशी बायकांचे. बंद जागेत धूळ एवढी की तोंडाला पदर बांधूनही खोकला सुटत नसे. आईच्या शेजारी बसून निवड करणारी बाई घरी कन्नड बोलत असे. दोघींची मजुरी एक आणि खोकलाही एकच होता. सीमेच्या कोणत्या बाजूला खोकावे, असा प्रश्न त्यांना पडल्याचे मला आठवत नाही.

या बायकांना संघटित केले ते प्रा. सुभाष जोशी यांनी. ते देवचंद महाविद्यालयात शिकवीत; पुढे आमदारही झाले. (हे महाविद्यालय अर्जुननगरात, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीत. आपली मुले पदवीसाठी रोज पायी राज्य ओलांडीत!) या संघर्षावर ‘युगांतर’ या गटाने १९८२ साली ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा चित्रपट केला. रचलेल्या तंबाखूत आतून ऊब धरते, हे वखारीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होते. तेच त्याचे नाव झाले.

मार्च १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकरी पुणे-बंगलोर महामार्गावर येऊन बसले. शरद जोशी त्यांचे नेते होते. तीन आठवड्यांहून अधिक काळ बैलगाड्या, चुली, पोरेबाळे रस्त्यावर होती. पिकविणारा आणि निवडणारी यांचे वैर असते, असे व्यापारी सांगत. येथे वखारीतल्या बायका शेतकऱ्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि शेतकऱ्यांचे बळी गेले.

त्यानंतरच्या एका तासाला सरांनी पुस्तक मिटले आणि विचारले, “कोणाकोणाची आई वखारीत जाते?” निम्मा वर्ग वखारीच्या घरांतला, हात मात्र दोनच वर आले. माझा आला नाही. सर रागावले नाहीत. म्हणाले, “घरी विचारा, लिहून आणा. हे पाठ्यपुस्तकात येणार नाही.” मी वडिलांच्या दोन एकर शेतीवर पानभर लिहून नेले. सरांनी ते वाचले, माझ्याकडे पाहिले आणि वही परत दिली.

आज शिवारात ऊस आणि सोयाबीन वाढले आहे. पुष्कळ वखारींना कुलपे आहेत, काहींच्या जागी मंगल कार्यालये उभी आहेत. निपाणी स्वतंत्र तालुका झाली. पिठाची गिरणी चालवीत या गावातील कष्टकऱ्यांची माणसे कथा-कादंबऱ्यांत आणणारे महादेव मोरे २०२४ साली गेले. वखारीत उमेदीची वर्षे घालविलेल्या बायका आता सत्तरी-ऐंशीला आल्या आहेत. सीमालढ्याची कागदपत्रे दोन्ही सरकारांनी जपली आहेत, न्यायालयातही ती आहेत. या बायकांपाशी कागद नाही. असेल तर एखादे हजेरीचे कार्ड.

म्हणून संस्थाचालकांना विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली. सभागृहाच्या दाराशी एक कोरी वही ठेवली आहे. ज्यांच्या घरी, गल्लीत अशी बाई असेल, मराठी असो वा कन्नड, त्यांनी तिचे नाव आणि पत्ता लिहावा. येत्या सुट्टीत नववीची मुले तिच्याकडे जातील. माझी आई आता नाही. पण पहिल्या ओळीत तिचे नाव मी लिहिले आहे, आणि पुढे व्यवसायाच्या रकान्यात ‘वखार’.