मोजणीत न आलेली माणसं

(१९८७ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



समितीने मला दिलेला विषय 'जागतिक आरोग्यातील समता' असा आहे. मी वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र शिकवते. भागीदारी, संशोधन, सदस्यांचं जाळं हे शब्द आमच्या परिषदांमध्ये चहाच्या आधी आणि चहाच्या नंतरही ऐकू येतात. पण आज मे महिना संपत आलाय. दोन-तीन आठवड्यांत पाऊस, मग पेरण्या, मग लावणी. तेव्हा मी सापाबद्दल बोलणार आहे. औषध असूनही ते कुणापर्यंत पोचतं आणि कुणापर्यंत पोचत नाही, हे सर्पदंशाइतकं स्वच्छ मला दुसऱ्या कुठल्या दुखण्यात दिसलं नाही.

नाग, मण्यार, घोणस, फुरसं. ही चार नावं आपल्याला शास्त्राच्या बाईंनी शिकवायच्या आधीच पाठ होती. फुरसं तर आपल्या कोकणचंच. इंग्रजांच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी मारण्यासाठी सरकार बक्षीस देत असे, इतकी ती होती. आपल्या वर्गात असा कोणी नसेल ज्याच्या वाडीत साप चावल्याची एखादी गोष्ट नाही. कुणी वाचलं, कुणी नाही. जे वाचले नाहीत ते बहुतेक घरातच किंवा वाटेत गेले. आणि इथूनच माझा विषय सुरू होतो.

भारतात दरवर्षी सापाने किती माणसं मरतात? सरकारी रुग्णालयांच्या नोंदींवरून येणारा आकडा पंधरा-वीस वर्षांपूर्वी वर्षाला दीड हजाराच्या आसपास असायचा. दवाखान्यात पोचला आणि तिथे दगावला, तरच तो माणूस त्या आकड्यात यायचा. बाकीचे गेले कुठे, हे शोधायला एक वेगळाच अभ्यास लागला. भारताचे महानिबंधक, म्हणजे जनगणना करणारं कार्यालय, आणि कॅनडातल्या टोरांटोचं एक संशोधन केंद्र यांनी मिळून 'मिलियन डेथ स्टडी' सुरू केला. पद्धत साधी होती. देशभरातली ६,६७१ छोटी क्षेत्रं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली. ज्या घरात मृत्यू झाला त्या घरी गणक गेला आणि घरच्यांना विचारलं, शेवटी काय झालं, कसं झालं, ते तुमच्या शब्दांत सांगा. तो कागद दोन डॉक्टरांनी एकमेकांना न विचारता वाचला आणि कारण ठरवलं. २००१ ते २००३ मधल्या सुमारे १,२३,००० मृत्यूंपैकी ५६२ सापाचे निघाले. ऐकायला थोडे वाटतात. पण त्यावरून सगळ्या देशाचा हिशेब मांडला तेव्हा २००५ या एका वर्षाचा आकडा आला सुमारे ४६,०००.

दीड हजार कुठे आणि शेहेचाळीस हजार कुठे! गणिताच्या तासाला आपण एवढी चूक केली असती तर सरांनी बाकावर उभं केलं असतं.

त्या मृत्यूंपैकी ९७ टक्के खेड्यांतले होते. दवाखान्यात झालेले फक्त २३ टक्के. सगळ्यात जास्त मृत्यू पंधरा ते एकोणतीस वयाच्या मुलामुलींचे, आणि महिने जून ते सप्टेंबर. हा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. पुढे २०२० साली आणखी मोठा हिशेब आला: २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सापाने गेलेले सुमारे १२ लाख. वर्षाला सरासरी ५८,००० पडतात.

तुम्ही म्हणाल, मोजून काय मिळालं, गेलेला माणूस परत येतो का? नाही येत. पण जे मोजलं जात नाही त्याला पैसा मिळत नाही, औषध मिळत नाही, प्रशिक्षण मिळत नाही. अगदी घरच्या पातळीवरही तसंच आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत शेतकरी सर्पदंशाने गेला तर कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात, पण सापाने गेल्याचा कागद नसेल तर प्रकरण अडतं. जे एका घराचं, तेच एका देशाचं. विषाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांची एक आंतरराष्ट्रीय सभासद संस्था आहे. तिच्यातल्या लोकांनी २००८ पासून सर्पदंशासाठी वेगळा जागतिक गट उभा केला, आणि ते लोक वर्षानुवर्षं हे आकडे घेऊन जिनिव्हाच्या पायऱ्या झिजवत राहिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं, आणि २०१९ साली २०३० पर्यंत मृत्यू आणि अपंगत्व निम्म्यावर आणायचं ठरवलं. आपल्या केंद्र सरकारचा स्वतंत्र कृती आराखडा मार्च २०२४ मध्ये आला. त्याचंही लक्ष्य तेच.

संशोधन म्हटलं की आपल्याला मोठ्या काचेच्या इमारती दिसतात. पण आपल्यापासून फार लांब नसलेल्या महाडचं उदाहरण घ्या. डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. तांबड्या विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसं फुप्फुसात पाणी होऊन मरत होती. ते रोग्याच्या खाटेशी रात्र रात्र बसून नाडी, रक्तदाब, घाम, सगळं टिपत राहिले. १९८२ साली ते निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, आणि पुढे रक्तदाबाची प्रॅझोसिन नावाची स्वस्त गोळी वेळेवर दिली तर माणूस वाचतो हे त्यांनी दाखवलं. पद्मश्री त्यांना २०२२ साली मिळाली. बिरवाडीच्या खाटेवर जे कळलं ते लंडनमध्ये बसून कळणार नव्हतं, आणि 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं नसतं तर ते बिरवाडीतच राहिलं असतं. भागीदारी या शब्दाचा अर्थ मला विचाराल तर एवढाच आहे.

आता औषधाकडे येऊ. आपण ज्याला सापाची लस म्हणतो ते खरं तर प्रतिविष. सापाचं विष थोड्या थोड्या प्रमाणात घोड्याला टोचतात आणि घोड्याच्या रक्तात तयार झालेला उतारा वेगळा काढतात. मुंबईत हाफकिनमध्ये हे काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं आहे. पण विष आणायचं कुठून? भारतातल्या प्रतिविषासाठी लागणारं बहुतेक विष तामिळनाडूतल्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येतं. हे लोक पूर्वी कातड्यासाठी साप पकडत. कातड्याचा व्यापार कायद्याने बंद झाला, पोटावर पाय आला, आणि १९७८ साली, रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने, त्यांची संस्था उभी राहिली. सभासद साप पकडून आणतात, काही आठवडे मडक्यात ठेवतात, विष काढतात, पोटाच्या खवल्यांवर खूण करतात आणि जंगलात सोडून देतात. त्यांच्यातल्या दोघांना, मासी सदय्यन आणि वडिवेल गोपाल यांना, २०२३ साली पद्मश्री मिळाली. जागतिक आरोग्यातलं सदस्यांचं जाळं म्हणून परिषदेत मोठमोठ्या संस्थांची चिन्हं पडद्यावर दाखवतात. मला नेहमी हे मडक्यांचं जाळं आठवतं. ते तुटलं तर देशभरातल्या कुप्या रिकाम्या राहतील.

एक अडचण मात्र आहे. एकाच जातीच्या सापाचं विष ठिकाणाप्रमाणे बदलतं. तामिळनाडूच्या घोणशीच्या विषावर केलेला उतारा दुसऱ्या राज्यातल्या घोणशीवर तितकाच चालेल असं नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत यावर चांगलं काम चाललं आहे.

आणि इथे आपण फक्त तक्रार करणाऱ्यांच्या बाजूला नाही, हेही सांगायला हवं. आफ्रिकेत वापरलं जाणारं एक चांगलं फ्रेंच प्रतिविष महाग होतं, नफा नव्हता, म्हणून कंपनीने बनवणं थांबवलं. त्याचा शेवटचा साठा २०१६ साली मुदतबाह्य झाला. त्याच्या आधीपासूनच तिथल्या बाजारात स्वस्त भारतीय प्रतिविषं जात होती. घानाच्या ग्रामीण भागात असं एक औषध आल्यावर सर्पदंशाच्या रोग्यांतलं मृत्यूचं प्रमाण १.८ टक्क्यांवरून १२.१ टक्क्यांवर गेलं, कारण ते तिथल्या सापांवर चालत नव्हतं. गरिबाला स्वस्त औषध देणं म्हणजे समता नव्हे, त्याला चालणारं औषध देणं म्हणजे समता. उलट नायजेरियासाठी कोस्टा रिकातल्या एका विद्यापीठाच्या संस्थेने, इंग्लंड आणि नायजेरियातल्या शास्त्रज्ञांबरोबर बसून, तिथल्याच सापांच्या विषावर प्रतिविष तयार केलं. कोस्टा रिका हा देश आपल्या महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्श्याएवढाही नाही.

हे सगळं तुम्हाला सांगायचं कारण नेपाळात आहे. नेपाळच्या तराईत, डमक नावाच्या गावाच्या परिसरात, भाताचीच शेती. तिथेही प्रतिविष होतं, दवाखाना होता, पण माणूस पोचेपर्यंत संपत होता. धरानच्या वैद्यकीय संस्थेने आणि जिनिव्हाच्या डॉक्टरांनी गावातल्या मोटरसायकलवाल्यांना हाताशी धरलं. साप चावला की फोन, फोन आला की स्वयंसेवक गाडी काढणार. पुढे चालवणारा, मध्ये रोगी, मागे त्याला धरून बसणारा. सोबत गावोगाव माहिती: कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट दोरी बांधायची नाही, भगताकडे वेळ घालवायचा नाही. आधी शंभरात साडेदहा रोगी मरत होते. नंतर दोनशेत एक. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. त्याच तराईतल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना साप कमी चावतो, असंही दिसलं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, पुष्कळदा दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटायला लागतात, आणि घरचे म्हणतात काल काहीतरी बाधलं असेल. ज्यांच्याकडे अजून खाली अंथरुणं घालतात त्यांनी मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी.

आता आपलं. आपल्या तुकडीच्या ग्रुपवर आज ७१ जण आहेत. त्यातले २३ अजून याच तालुक्यात राहतात, आणि माझ्या माहितीप्रमाणे २३ पैकी एकाकडेही दुचाकी नाही असं घर नाही. शाळा सुटल्यावर पैज लावून सायकली पळवणारे तुम्हीच. ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांशी मी या आठवड्यात बोलले. कुप्या आहेत, सरकारी रुग्णालयात त्या फुकट मिळतात. रक्त गोठतं का हे पाहायची काचेच्या नळीतली वीस मिनिटांची चाचणीही तिथे होते. नाहीये ते एवढंच, की वरच्या वाड्यांतून रात्री दोन वाजता माणूस तिथवर आणणारं कोणी.

मुंबई-पुण्याच्या मंडळींनी लगेच पैसे काढू नयेत. पैशाचं नंतर बघू. तुमच्याकडून मला दुसरं काम हवं आहे. गेल्या दहा वर्षांत आपापल्या वाडीत सापाने कोण गेलं, कुठल्या महिन्यात, दवाखान्यात पोचलं होतं का, हे घरच्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून पाठवा. नावं कुठेही छापणार नाही. आपल्या तालुक्याचा खरा आकडा मला कुठल्याच रजिस्टरमध्ये सापडत नाही.

ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांच्यासाठी ग्रंथालयाच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. गाव, वाडी, फोन नंबर आणि रात्री फोन उचलता का, एवढंच लिहायचं. १०८ ला फोन करायचाच आहे, पण ती येईपर्यंत उंबऱ्यावर बसून राहायचं नाही, समोरून गाठायची. पापण्या मिटू लागलेल्या, श्वास लागलेल्या माणसाला मोटरसायकलवर बसवायचं नाही, त्याला जीप लागेल. म्हणून जीपवाल्यांचं पान वेगळं केलंय. प्रशिक्षण येत्या रविवारी सकाळी दहाला, ग्रामीण रुग्णालयातच, दोन तासांचं. चावलेला हात-पाय फळीला बांधून न हलवता कसा न्यायचा ते तिथल्या सिस्टर दाखवणार आहेत. फळ्या शाळेच्या कार्यशाळेतून घ्यायला मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे.