गाणं संपल्यावर



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, सूफी परंपरेचा अभ्यासक नाही. त्यामुळे अनुभवातून आलेलं तेवढंच बोलतो.

तीन वर्षांपूर्वी अब्बा गेले. दफनविधी, बँकेची कामं, अम्मीची औषधं, सगळं मी यादी करून पार पाडलं. रडलो मात्र नाही. महिन्याभरानं रात्री काम करताना हेडफोनवर ‘कुन फाया कुन’ लागलं. २०११च्या ‘रॉकस्टार’मधलं, ए. आर. रहमान यांचं. शंभरदा ऐकलेलं. पण लहानपणापासून पाठ असलेल्या त्या कुरआनातल्या शब्दांचा अर्थ त्या रात्री पहिल्यांदा भिडला : तो ‘हो’ म्हणतो आणि होतं. माझ्या यादीप्रमाणे काहीच होत नसतं. लॅपटॉप बंद केला आणि खूप रडलो.

चाचांना कळलं तेव्हा ते म्हणाले, “बापाला जाऊन चाळीस दिवस झाले नाहीत आणि गाणी ऐकतोस?” मला उत्तर देता आलं नाही.

नंतर वाचलं, तर हा वाद जुनाच निघाला. इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये ‘समा’वर, म्हणजे श्रवणावर, स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे. त्यांचं म्हणणं असं, की संगीत मनात नसलेलं काही आणून ठेवत नाही, असलेलंच हलवतं. समासाठी योग्य वेळ, जागा आणि सोबत हवी, हेही ते जुनैद बगदादींच्या हवाल्यानं सांगतात.

आपल्याकडे यातलं काय उरलं? कव्वालीच्या मैफलीत एखाद्या ओळीनं कुणाचा जीव हलला, की कव्वाल तीच ओळ पुन्हा पुन्हा घेतात. गाणाऱ्याचं ऐकणाऱ्याकडे लक्ष असतं. आपलं ॲप मात्र पुढचं गाणं लावून मोकळं होतं. तुम्ही ऐकत राहावं, एवढंच त्याला हवं असतं. आतला प्रवास तर थांबल्यावर सुरू होतो.

म्हणून गाण्याला दोष देऊ नका, सगळं श्रेयही देऊ नका. एक साधी कसोटी लावा : गाणं संपल्यावर मी काय केलं? त्या रात्री मी अम्मीच्या खोलीत गेलो. तीही जागीच होती. महिन्याभरात पहिल्यांदा आम्ही अब्बांबद्दल बोललो.

चाचांना हे उत्तर मी मागच्या ईदला दिलं. त्यांना ते पूर्ण पटलेलं नाही. पण आमचं बोलणं सुरू आहे.