टिंब आणि आडवी रेघ

छापखान्यांतील मुद्रितशोधकाला चूक डोळ्यांनीं दिसते. संगणकाच्या माहितीपुस्तिकांत मात्र कांहीं चुका अशा असतात कीं, त्या हस्तलिखितांतही खुपत नाहींत आणि तयार पानावरही दिसत नाहींत.

युनिक्स प्रणालीचें पहिलें माहितीपुस्तक अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरीजमध्यें नोव्हेंबर १९७१ मध्यें निघालें. साध्या मजकुरांतच मांडणीच्या खुणा पेरण्याची तेथील पद्धत आजही चालू आहे. ओळीच्या आरंभीं टिंब आलें कीं ती मांडणी करणाऱ्या प्रोग्रामला दिलेली आज्ञा, असा संकेत. पण युनिक्समध्यें कित्येक फायलींचीं नांवेंच टिंबानें सुरू होतात! ‘.प्रोफाइल’ ही त्यांपैकींच एक. “तिची प्रत आधीं काढून ठेवावी” असें सांगणारी ओळ या नांवानेंच सुरू झाली, तर प्रोग्राम तिला अनोळखी आज्ञा समजतो आणि सबंध ओळ मुकाट्यानें गिळतो. तक्रारही करीत नाहीं. वाचक प्रत न काढतांच पुढें जातो. उपाय एवढाच, कीं टिंबाआधीं एक शून्य रुंदीची, न दिसणारी खूण घालावयाची.

आडव्या रेघेचें प्रकरण याहून नाजूक. नुसती रेघ म्हणजे शब्द जोडणारें संयोगचिन्ह. आज्ञेच्या पर्यायापूर्वींची रेघ हवी असल्यास तिच्याआधीं उलटी तिरपी रेघ द्यावी लागते. जुन्या पडद्यांवर दोन्ही सारख्याच उमटत, म्हणून लेखकांनीं आळस केला. युनिकोडमध्यें तीं दोन निराळीं चिन्हें आहेत. पानावरून उतरून घेतलेली आज्ञा संगणक ओळखीत नाहीं आणि बिचारा वाचक दोष स्वतःकडे घेतो. ग्रॉफ हा आजचा प्रचलित मांडणी-प्रोग्राम. २०२३ सालच्या त्याच्या १.२३ या आवृत्तीनें हा भेद काटेकोरपणें पाळण्यास आरंभ केला, तेव्हां जुनीं पानें उघडीं पडलीं. डेबियनच्या मंडळींनीं आपल्या प्रतींत दोन्ही रेघा पुन्हां एक केल्या. वाचकाची सोय झाली. लेखकांचा आळसही झांकला गेला.

सगळ्या रेघा एका फटक्यांत बदलाव्या, तर खऱ्या जोडशब्दांतही उणें चिन्ह शिरतें. म्हणून जाणता शोधक रेघ रेघ पाहून दुरुस्त करतो आणि मग मूळ लिखाण मिटून, तयार पानावरची आज्ञा उचलून स्वतः चालवून पाहतो.