पेटीची किल्ली कोणाकडे?

(चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील बचत गट व ग्रामसभांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले हे भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



माझ्या सत्राचे नाव ‘जुन्या राऊटरला नवे जीवन’ असे फळ्यावर लिहिले आहे. ते वाचून सकाळी चहाच्या वेळी दोघी-तिघींनी मला विचारले, “ताई, हे तर केबलवाल्या पोरांचे काम. आपल्या शिबिरात कशाला?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी मी राऊटरपासून नव्हे, बांबूपासून सुरुवात करते.

धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली मेंढ्याच्या ग्रामसभेला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कागद हाती आला. पण बांबू विकायची वेळ आली तेव्हा कळले, की वाहतूक परवान्याचे पुस्तक वनखात्याकडेच आहे. बांबू गावाचा, पण गावाबाहेर न्यायचा तर सही दुसऱ्याची! गाव अडून बसले. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी त्या वेळचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्याला आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिले. हक्काचा कागद मिळणे आणि परवान्याचे पुस्तक हातात येणे, या दोहोंत अंतर किती असते ते आपण तेव्हा पाहिले.

आता माझ्या हातातली ही पेटी बघा. दोन शिंगे असलेली, धूळ खाल्लेली. हिला राऊटर म्हणतात. भिंतीतून आलेले इंटरनेट घरातल्या मोबाईलना वाटून देण्याचे काम ही करते. पैसे मोजून विकत घेतलेली, म्हणजे आपलीच. पण हिच्या आत काय चालावे, हे ठरवते कंपनी. तिचा पासवर्ड घातला दुकानदाराने किंवा घरातल्या पुरुषाने. बांबू आपला, पुस्तक त्यांचे. तोच प्रकार.

पेटीच्या आत काही जादू नाही. एक छोटा संगणक आहे. त्याच्यात कायमच्या साठवणीत एक प्रोग्राम भरलेला असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. कंपनी काही वर्षे त्याची दुरुस्ती पाठवते, मग नवे मॉडेल काढते आणि जुन्याकडे पाठ फिरवते. पेटी चालू असते, पण तिच्यात सापडलेली भोके बुजवायला कोणी नसते. मग आपण ती भंगारात देतो. खरे तर तिचे लोखंड-तांबे अजून धडधाकट असते. थकलेला असतो तो आतला प्रोग्राम, आणि तो बदलता येतो.

तो बदलता येतो, हाही एक मिळवलेला हक्क आहे. त्याची गोष्ट थोडक्यात सांगते. २००२ च्या अखेरीस लिंक्सिस कंपनीने डब्ल्यूआरटी-५४-जी नावाचा घरगुती राऊटर बाजारात आणला. जाणकारांनी तो तपासला, तेव्हा आत लिनक्स निघाले. लिनक्स ही जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली प्रणाली. ती कोणीही वापरावी, बदलावी, विकावीसुद्धा. अट एकच, की विकणाऱ्याने तिचा मूळ मजकूर मागणाऱ्याला दिला पाहिजे. ही अट परवान्यात लिहिलेली होती. कंपनीने लिनक्स वापरले होते, मजकूर दिला नव्हता. २००३ साली लोकांनी उघडपणे मागणी केली आणि कंपनीला तो मजकूर द्यावा लागला. त्याच्या आधारावर २००४ मध्ये ओपन-डब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. त्याच्या नावात आजही त्या जुन्या पेटीचे नाव आहे. आज तो शेकडो मॉडेलांवर चालतो, फुकट मिळतो, आणि कंपनीने सोडून दिलेल्या कितीतरी पेट्यांना अजून दुरुस्ती पुरवतो. कागदावरचा हक्क होता, मागितल्यावर मिळाला. आपल्याला हे नवीन नाही.

पण बाईचा या सगळ्याशी संबंध काय? आमच्या केंद्रात आलेल्या एका बाईची हकिगत सांगते. गाव सांगत नाही. नवरा मारायचा. तिने एक दिवस घरच्या इंटरनेटवर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याची माहिती शोधली. फोनमधून तिने खुणा पुसल्या. पण राऊटरचा पासवर्ड नवऱ्याकडे होता, आणि कोणत्या मोबाईलवरून कोणत्या नावाच्या साइट उघडल्या, याची यादी त्या राऊटरमध्ये साठत होती. त्या रात्री काय झाले ते तुम्ही ओळखाल. दुसऱ्या एका घरात रात्री आठनंतर फक्त मुलींच्या मोबाईलचे इंटरनेट बंद होते. भावाचे चालू. बापाने राऊटरमध्येच तसे लावून ठेवले होते. मुलींना वाटायचे रेंजच जाते!

बहुतेक साइटवर आपण काय वाचले, काय लिहिले, ते राऊटरला दिसत नाही, कारण मजकूर कुलूपबंद जातो. पण साइटचे नाव दिसू शकते, आणि बाईला मार खायला तेवढे नाव पुरते. म्हणून मी म्हणते, की पेटीची किल्ली कोणाकडे, हा आपला प्रश्न आहे.

आता काम कसे करायचे ते बघू.

पहिली गोष्ट, पेटी उलटी करा. तळाच्या चिकटपट्टीवर मॉडेल आणि त्याची आवृत्ती लिहिलेली असते. ही आवृत्ती फार महत्त्वाची. टीपी-लिंकचा ८४१-एन आपल्याकडे घरोघरी होता. नाव एकच, पण तेराव्या आवृत्तीत साठवण ८ एमबी आणि स्मृती ६४ एमबी, तर चौदाव्या आवृत्तीत पुन्हा ४ आणि ३२. ४ आणि ३२ च्या पेट्यांना नव्या ओपन-डब्ल्यूआरटीचा आधार राहिलेला नाही. त्या सोडून द्या. ८ आणि ६४ मध्ये दाटीवाटी होते. १६ आणि १२८ असेल तर काम सुखाचे होते. पेटी गोळा करतानाच हे बघितले तर नंतर हळहळ नको.

दुसरी गोष्ट, प्रकल्पाच्या साइटवर पेट्यांची मोठी यादी आहे. तिच्यात आपले मॉडेल, आपली आवृत्ती शोधायची आणि नेमकी तिचीच फाईल उतरवायची. पहिल्यांदा बसवताना ‘फॅक्टरी’ नावाची, पुढे सुधारणा करताना ‘सिसअपग्रेड’ नावाची. प्रत्येक फाईलसोबत ६४ अक्षरांची एक खूण दिलेली असते. उतरवलेल्या फाईलची खूण संगणकावर काढून ती जुळते का बघा. जुळली नाही तर फाईल अर्धवट आली आहे किंवा कोणी बदलली आहे. आपल्याकडच्या रेंजमध्ये अर्धवट येणे नित्याचेच.

तिसरी गोष्ट, राऊटर आणि संगणक तारेने जोडा. वायफायवरून हे काम करू नका. कंपनीच्याच पानावर ‘फर्मवेअर सुधारा’ असे बटन असते, तिथे बहुतेक मॉडेलना आपली फाईल देता येते. मग पाच मिनिटे हात जोडून बसायचे. वीज जाता कामा नये. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे, तरी आपल्या गावात वीज कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून इन्व्हर्टर किंवा यूपीएसवरच हे काम करा, आणि वादळ-पावसात अजिबात करू नका. मधेच वीज गेली तर पेटीची वीट होते. माझी पहिली पेटी अशीच वीट झाली. बऱ्याच मॉडेलना त्यातून वर काढण्याची सोय असते, तिची पद्धत त्या मॉडेलच्या पानावर दिलेली असते. ती आधी वाचून ठेवा, नंतर नाही.

चौथी गोष्ट, पेटी पुन्हा सुरू झाली की संगणकावर १९२.१६८.१.१ हा पत्ता उघडा. टाईप करताना अर्थातच इंग्रजी आकडे. सुरुवातीला पासवर्ड रिकामा असतो, म्हणून सगळ्यांत आधी पासवर्ड घालायचा. वायफाय बहुधा बंदच दिसेल. घाबरू नका, ते आपणच चालू करायचे असते. देश म्हणून भारत निवडा, म्हणजे ताकद आणि लहरी आपल्या कायद्यात बसतील. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी २००५ पासून आणि ५ गिगाहर्ट्झच्या बऱ्याचशा २०१८ पासून आपल्याकडे परवान्याविना वापरता येतात, पण ताकदीची मर्यादा पाळूनच. या पानांचे मराठी भाषांतर सुरू झालेले आहे, पुरे झालेले नाही. ते पुरे करणे हेही आपल्यापैकी कोणाचे काम होऊ शकते.

एक चूक सगळ्यांकडून होते, माझ्याकडूनही झाली. इंटरनेट कंपनीने भिंतीवर लावलेली फायबरची पेटी कंपनीच्या मालकीची असते. तिला हात लावायचा नाही. आपली पेटी तिच्या मागे तारेने जोडायची. पण पुष्कळदा दोघींचा पत्ता एकच असतो, १९२.१६८.१.१. एका गावात दोन घरांना एकच घरक्रमांक दिल्यावर पोस्टमनचे जे होते, तेच इंटरनेटचे होते. माझा अर्धा दिवस त्यात गेला. आपल्या पेटीचा पत्ता १९२.१६८.२.१ केला, आणि लगेच चालू.

एवढे झाल्यावर या पेटीत आपल्याला काय काय करता येते? केंद्रासाठी दोन वेगळी वायफाय करता येतात. एक कार्यकर्त्यांचे, ज्यावर बायकांच्या केसचे कागद असतात, दुसरे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे. एकावरचा मोबाईल दुसऱ्यावरच्या संगणकात डोकावू शकत नाही. कोणी काय बघितले याची नोंद ठेवायची नाही, हे आपण ठरवू शकतो. पंधरा जणींचे मोबाईल एकाच मंद लाईनवर असतील तर एकीच्या व्हिडिओपायी दुसरीचा ऑनलाईन अर्ज अडकू नये, अशी वाटणीही लावता येते.

आणि इंटरनेट नसतानाही पेटी कामाची असते. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेले की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा वेळी यूएसबीची खाच असलेल्या राऊटरला एक पेनड्राईव्ह लावा. वनहक्काचे अ, ब आणि क नमुने, ग्रामसभेचे ठराव, बाळंतपणाची माहिती, सगळे त्यात भरून ठेवा. पेटीजवळ आलेल्या कोणाच्याही मोबाईलवर ते उघडेल. बाहेरचे जग तुटले तरी गावातले जाळे चालू. वनहक्क कायद्यात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर करण्याची तरतूद आहे, आणि ग्रामसभेच्या गणपूर्तीत एक-तृतीयांश बायका लागतात. हे कागद गावच्या पेटीत असले तर कोणी बाईला “तुझे नाव लागत नाही” असे सांगू शकणार नाही. ती तिथेच उघडून दाखवेल.

आपल्या राज्यात गावाने स्वतःचे जाळे चालवण्याचे प्रयत्न झालेले आहेत. पालघर जिल्ह्यात मुंबई आयआयटीच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने वायफायच्या लहरींवरून गावांपर्यंत इंटरनेट नेले. त्याला २०१७ साली मोझिला संस्थेच्या स्पर्धेत पहिले बक्षीस मिळाले. त्या कामात पुढे होत्या डॉ. सरबनी बॅनर्जी बेलूर. केबलवाल्या पोरांचे काम म्हणणाऱ्यांना हे नाव सांगा.

शेवटी दोन इशारे. जिच्या घरात मारहाण आहे तिने घरचा राऊटर गुपचूप उघडू नये. पासवर्ड बदलला की नवऱ्याला लगेच कळते, आणि जीवावर बेतू शकते. तिने केंद्रावर यावे, तिथले जाळे वापरावे, किंवा दुसऱ्या कोणाच्या फोनवरून १८१ ला फोन लावावा. तिची सुरक्षितता आधी, यंत्र नंतर.

दुसरा इशारा आपल्यालाच. किल्ली आपल्या हातात आली म्हणजे ती वापरण्याचा मोहही आला. सून काय बघते, शेजारीण कोणाशी बोलते, हे बघायची सोय आता आपल्याकडेही असेल. नवऱ्याच्या जागी आपण बसलो तर काय मिळवले? बचत गटात आपण पैशाची पेटी एकीच्या घरी ठेवतो आणि किल्ली दुसरीच्या. का? एकीवर अविश्वास म्हणून नव्हे, तर एकीवर भार आणि मोह नको म्हणून. राऊटरचेही तसेच करा. पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटात बंद करून दोघींकडे ठेवा. कोणी, कधी, काय बदलले ते वहीत लिहा. नोंद पेटीची ठेवायची, बायकांची नाही. हा ठराव गटाच्या बैठकीत करा आणि त्यावर सह्या घ्या.

दुपारी जेवणानंतर आपण प्रत्यक्ष पाच पेट्या उघडणार आहोत. स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही, लागते ती एक तार आणि थोडा धीर. ज्या दोघी-तिघींनी सकाळी प्रश्न विचारला, त्यांनीच पहिली पेटी घ्यावी अशी माझी विनंती आहे. वीट झाली तर होऊ द्या. भंगारातूनच आणली आहे.