गांबियाकाठची तोंडी बखर

श्रोते हो, शाळेच्या भिंतीवरचा आफ्रिकेचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिम किनाऱ्यावर सेनेगाल देशाच्या पोटात एक चिंचोळी पट्टी शिरलेली दिसेल. तोच गांबिया देश. मधून गांबिया नदी वाहते आणि तिच्या दोन्ही काठांची जमीन म्हणजे सारा देश. रुंदी फार तर ५० किलोमीटर. १८ फेब्रुवारी १९६५ रोजी तो इंग्रजांच्या राज्यातून मोकळा झाला.

तिथला शेतकरी आपल्यासारखाच आभाळाकडे डोळे लावून भुईमूग पेरतो. हे पीक मूळचे दक्षिण अमेरिकेतले. म्हणजे तिथेही ते पाहुणेच आणि आपल्याकडेही पाहुणेच! नदीकाठच्या पाणथळीत भातशेती करतात त्या मुख्यतः बायका.

चला, आता समुद्रापासून उलट्या धारेने निघू. मुखाशी राजधानी बांजूल. थोडे वर गेले की नदीच्या मध्यावर एक लहानसे बेट लागते. त्यावर पडक्या किल्ल्याच्या भिंती आहेत. इथूनच माणसांना बेड्या घालून अमेरिकेकडे विकायला नेत. इंग्रजांनी १८०७ साली हा व्यापार कायद्याने बंद केला. पण गेलेली माणसे गेलीच. लाटांनी बेट झिजत चालले आहे. पूर्वी त्याला एका इंग्रज राजपुत्राचे नाव होते. २०११ मध्ये ते 'कुंटा किंटे बेट' झाले. ॲलेक्स हेली या अमेरिकन लेखकाने १९७६ साली 'रूट्स' या पुस्तकात कुंटा किंटे हा आपला पूर्वज समोरच्या जुफुरे गावचा असल्याचे लिहिले. गावातल्या एका सांगणाऱ्याच्या तोंडून त्याने ती हकिगत ऐकली होती. पुढे अभ्यासकांनी तिच्यावर शंका घेतल्या, हेही सांगितले पाहिजे. ऐकलेले पारखूनच घ्यावे.

आणखी बरेच वर गेलो की वासू गाव येते. तिथे जांभ्या दगडाचे खांब गोलाकार उभे आहेत. खाली जुनी दफने आहेत. दगड शतकानुशतके टिकले. पण ज्यांच्यासाठी ते उभारले, त्यांची नावे मात्र कोणालाच ठाऊक नाहीत.

नावे टिकवली ती माणसांनी. मांडिंका लोकांत 'जाली' नावाची पिढीजात गायक घराणी आहेत. लग्नात, बारशाला जाली येतो आणि घराण्याची वंशावळ गाऊन सांगतो. त्याचे वाद्य कोरा. मिरजेत तंबोऱ्याला लागतो तसाच वाळका भोपळा. पण इथे तो अर्धा कापून त्यावर कातडे ताणतात आणि २१ तारा लावतात. कोरा वाजवण्याची विद्या बापाकडून मुलाकडे जायची. सोना जोबार्ते ही जाली घराण्यातली मुलगी ती शिकली आणि जगभर नावाजली. तिने गांबियात शाळाही काढली. तिथे मुलगे आणि मुली दोघेही इतर विषयांबरोबर आपले संगीत शिकतात.

शिक्षक बंधुभगिनींनो, उद्या वर्गात एक साधा प्रश्न विचारून पाहा : तुझ्या पणजीचे माहेरचे नाव काय? बहुतेक पोरे गप्प बसतील. त्यांना म्हणावे, संध्याकाळी आजीला विचारून या आणि वहीत लिहा. आजी आहे तोवरच हे व्हायचे.