भेव बसलं की काळजाचं दुखणं?



2018 ची कापूस वेचणी आठवते ना? आपल्या पांढरकवडा-राळेगावच्या जंगलात टी-1 वाघीण, म्हणजे अवनी, फिरत होती. 13 माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. नुसती पऱ्हाटी हलली तरी छातीत धडधडायचं. 2 नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ ती मारली गेली, पण आपलं भेव लगेच गेलं नाही.

ती धडधड म्हणजे आजार नव्हे. भीती वाटली की मेंदू इशारा देतो. मूत्रपिंडांच्या वर दोन लहान ग्रंथी असतात, त्या ॲड्रेनालिन नावाचं द्रव्य रक्तात सोडतात. पळता यावं म्हणून काळीज जोरात चालतं, हातपाय थरथरतात, तोंडाला कोरड पडते. निवांत बसलं की नाडी मिनिटाला 60 ते 100 असते, भ्याल्यावर ती 120 च्याही वर जाते. धोका टळला की बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटांत उतरते. अशा वेळी खाली बसा. श्वास हळू घ्या, त्याहून हळू सोडा.

पण माझ्या घरी काय झालं ते सांगते. त्याच दिवसांत एका संध्याकाळी गावात "वाघ आला" अशी ओरड झाली. सासूबाई गोठ्यातून धावत आल्या. थोड्या वेळानं आम्ही सावरलो, त्या सावरल्या नाहीत. दरदरून घाम, जबडा दुखतो, मळमळतं. आम्ही म्हटलं, भेव बसलं. मीठ-मोहरी ओवाळली, रात्र काढली. सकाळी डॉक्टर म्हणाले, "हा हार्ट अटॅक आहे. रात्रीच आणायचं होतं." त्या वाचल्या, पण ती रात्र माझ्या मनातून जात नाही.

म्हणून या खुणा ध्यानात ठेवा. छातीवर दगड ठेवल्यासारखा दाब. दुखणं हातात, पाठीत, मानेत किंवा जबड्यात जाणं. दम लागणं, थंड घाम, चक्कर. बायांमध्ये कधी छाती फार दुखत नाही, नुसती मळमळ आणि गळून गेल्यासारखं वाटतं. त्याला "गॅस झाला" म्हणून सोडू नका. धडधड बसूनही थांबत नसेल, तरी दवाखाना गाठा.

मोठ्या धक्क्यानं काळजाचा एक भाग काही काळ दुबळा पडतो, असाही एक आजार आहे. तो जास्त करून पाळी गेलेल्या बायांना होतो. त्याचं दुखणं हार्ट अटॅकसारखंच असतं. फरक तपासणीतच कळतो, घरी नाही.

अशा वेळी बाईला चालवू नका, बसवा. 108 ला फोन करा, गाडी फुकट येते. दवाखान्यात ईसीजी काढायला सांगा. दृष्ट काढायची तर काढा, पण फोन आधी करा.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं घड्याळ लावून आपली नाडी मोजून पाहू. येताना सासूबाईंनाही आणा बरं!